उंबऱ्याच्या आत

चौकात तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पायातला जोर काढून घ्यायचा असतो, हे बुरुलच्या पायाला तिच्या डोक्याआधी कळायचं. इतकी वर्षं ट्रॉलीबस चालवल्यावर तो पाय आपला आपण उचलला जायचा. आज तो उचलला गेला नाही, कारण नेमका त्याच क्षणी छातीच्या खिशातला फोन थरथरला आणि तो घरमालकिणीचा, राइकान एजेचा आहे हे तिला कळलं. कसं कळलं ते तिला सांगता आलं नसतं. टपावर आधी एक कोरडा फटका बसला, मग दुसरा, आणि गाडीतले सगळे आवाज एकदम गेले. मोटारीचा गेला, पंख्याचा गेला, आणि एरवी कानाला जाणवतही नाही अशी जी बारीक घरघर सतत चालू असते तीही गेली. वीज आणणारे दोन्ही दांडे तारांवरून निसटून आभाळात तिरके उभे राहिले होते. गाडी आपल्याच वजनानं थोडी पुढे सरकली आणि चौकाच्या मधोमध थांबली.

“झालं,” मागून एक बाई म्हणाली. “आता बसा.”

“ए पोरी, उतर आणि लाव की,” काठीवाला एक म्हातारा म्हणाला. “का इथंच मुक्काम करायचा?”

आधी उतरायला हवं होतं. बुरुलनं आधी फोन घेतला.

“घरी आहेस का?” राइकान एजेनं विचारलं.

“गाडीवर आहे, एजे.” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं बुरुल तिला एजेच म्हणायची.

“बरं. दुपारी येते मी. एक माणूस आहे बरोबर. नुसतं बघायला.”

“काय बघायला?”

“घर गं. दुसरं काय आहे तिथं बघण्यासारखं?” एजे हसली. ते हसणं जरा लवकर सुरू झालं आणि जरा लवकर संपलं. “आवरून ठेव. आणि चरबीत काही तळू नकोस आज, वास बसतो. त्या लोकांना चालत नाही.”

बुरुलनं जाडे हातमोजे चढवले, मागे गेली आणि दोऱ्या सोडवल्या. दांडा तारेवर बसवताना वर बघून फारसा उपयोग नसतो. डोळ्यात आभाळ जातं, तार बारीक दिसते आणि हललीशी वाटते. दोरीतून दांड्याचं वजन हातात येतं, त्या वजनावरून तो कुठे आहे ते ओळखायचं आणि मग हळू वर सोडायचा. पहिल्यांदा तो चुकला आणि तारेला घासून बाजूला गेला. निळी ठिणगी पडली. मागच्या मोटारी भोंगे वाजवत होत्या. दक्षिणेकडच्या डोंगरांवर बर्फ खालपर्यंत उतरला होता, आणि त्या बर्फाकडे बघत बुरुल स्वतःशी म्हणाली, त्या लोकांना चालत नाही. कोण ते लोक, हे विचारायची गरज नव्हती. महिनाभर सगळं शहर त्यांच्याबद्दलच बोलत होतं. तिकडे रशियात लढाईवर पाठवायला माणसं गोळा करायला सुरुवात झाली होती आणि तिथली तरुण पोरं पाठीवर पिशव्या टाकून, मांजरं कुशीत घेऊन, विमानानं, आगगाडीनं, मिळेल त्या मोटारीनं इकडे उतरत होती. भाडं विचारायची आणि सांगितलं तेवढं द्यायची, घासाघीस नाही. डेपोत दर दोन दिवसांनी कुणाची तरी बातमी यायची. अमकीला घर सोडावं लागलं. तमकीचं भाडं दुप्पट झालं. कुणी नवऱ्याच्या बहिणीकडे, कुणी शहराबाहेरच्या वस्तीत, कोळशाच्या शेगडीवर. बुरुल ऐकायची आणि चहात साखर ढवळत राहायची. आपली एजे तशी नाही, असं ती कधी कुणाला मोठ्यानं म्हणाली नव्हती. मनात मात्र रोज म्हणायची, आणि रोज म्हणावं लागतं याचीच तिला भीती वाटायची.

दुसऱ्या खेपेला दांडे बसले. गाडीत पुन्हा घरघर सुरू झाली. म्हातारा काठी आपटत म्हणाला, “आता फोन ठेव हो बाजूला, माझे दात आहेत तेवढे राहू देत,” आणि दोघंतिघं हसले. बुरुलही हसली. चेहरा हसला तेव्हा तिला कळलं की जबडा केव्हापासून आवळलेला आहे.

मग तिला मागच्या महिन्यातलं ते आठवलं. खरं म्हणजे ती विसरली नव्हती, फक्त त्याच्याकडे बघायचं टाळत होती. एजे भाडं न्यायला दर महिन्याला यायची, बूट काढायची, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. बुरुल नान पुढे करायची. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलेल्या माणसानं नानाचा तुकडा तरी मोडायचाच. घाई असो, पोट भरलेलं असो, नुसता पत्ता विचारायला आलेला असो. कणभर तोंडात टाकायचा आणि मगच निघायचं. एजे तुकडा मोडायची, चहा घ्यायची, बुरुलच्या लेकीच्या, सेझिमच्या वेण्या सोडून पुन्हा घट्ट घालायची, तुझ्या आईला वेणी येत नाही म्हणायची. निघताना दोन्ही तळवे छातीपुढे उघडे धरून घराला आशीर्वाद द्यायची आणि तेच तळवे तोंडावरून खाली फिरवायची. मागच्या महिन्यात ती जिन्याच्या चौथऱ्यावरच उभी राहिली. बुरुल नान घेऊन दारापर्यंत गेली तर म्हणाली, “नको गं, खाली मोटार थांबलीय.” पैसे तिनं उंबऱ्यावरून घेतले. उंबऱ्यावरून पैसे देऊ-घेऊ नयेत हे एजेनंच बुरुलला पहिल्या महिन्यात दटावून सांगितलं होतं. दार लावल्यावर बुरुलनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं होतं. मोटार नव्हती. एजे पिशवी सांभाळत, एक गुडघा जपत, अंगणातून पायी चालली होती. बुरुलच्या हातातला नान गार होत होता. ज्याचा नान खाल्ला त्याचं वाईट करता येत नाही, असं बुरुलची आई म्हणायची. म्हणजे जिला वाईट करायचं आहे ती आधी खाणं बंद करते. हा विचार त्या दिवशी तिनं पूर्ण होऊ दिला नव्हता. आज गाडी चालवता चालवता तो आपला आपण पूर्ण झाला.

त्या घरात तसं काही नव्हतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, न्हाणीघरात पाण्याचा एक नळ जो बंद केल्यावरही थोडा वेळ विचार करायचा. पण शाळा अंगणापलीकडे होती. सेझिम आठ वर्षांची होती, आणि घरापासून शाळेपर्यंत तिला एकही रस्ता ओलांडावा लागत नव्हता. पहाटे अंधारात डेपोची गाडी चालकांना गोळा करत फिरायची ती कोपऱ्यावरच थांबायची. बुरुल कुलूप लावून जायची तेव्हा सेझिम झोपलेली असायची. गजर झाला की ती आपली उठायची, पाव खायची, किल्ली गळ्यात अडकवायची आणि जायची. भिंतीला भिंत लावून राहणारी बाई तो गजर ऐकायची आणि गजर बंद झाला नाही तर भिंतीवर थापटायची. हे सगळं जुळवायला बुरुलला खूप दिवस लागले होते. ते जुळलेलं कुणाला दिसत नव्हतं. बघायला आलेल्या माणसाला खोली दिसते, नळ दिसतो. या गोष्टींपैकी एक जरी सुटली तरी बाकीच्या सुटणार होत्या. वस्तीत खोली घेतली तर डेपोची गाडी नाही, गाडी नाही तर पहिली पाळी नाही, पहिली पाळी नाही तर दुपारी पोर एकटी, आणि कोळशाच्या शेगडीपाशी एकटी. धुराड्याचं भोक बंद राहिलं तर त्या वायूला वास नसतो. दर हिवाळ्यात डेपोत कुणाची तरी तशीही बातमी यायची.

पगार झाला की ती कुणाला आधी द्यायचं ते ठरवायची नाही, ते ठरलेलंच होतं. जो सगळ्यात लवकर तोडतो त्याला आधी. घरमालकीण एका शब्दात तोडू शकते, म्हणून ती पहिली. विजेवाले त्यानंतर, कारण ते मुकाट्यानं येतात आणि खांबावरूनच काढून जातात, दार वाजवत नाहीत. गरम पाण्यावाल्यांच्या चिठ्ठ्या येत राहतात, लाल अक्षरं येतात, मग आणखी लाल अक्षरं, पण नळाला हात लावायला त्यांना वसंत उजाडतो. त्यांना सगळ्यात शेवटी. या रांगेत आपण स्वतः कुठे आहोत हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. डाव्या बुटाचा तळ उघडला होता, त्यात तिनं जुन्या गाडीच्या चटईचा तुकडा कापून घातला होता. पायाला तो थंड लागायचा नाही, फक्त जोर किती दिला ते किंचित उशिरा कळायचं. तालाय, तिचा नवरा, कामाला गेला तेव्हा तिनं वर्षभर या रांगेत त्यालाही धरलं होतं, येणाऱ्या बाजूला. तो तिकडे उत्तरेला, रशियात, बांधकामावर गेला होता. आधी दर महिन्याला पाठवायचा, मग सणाला, मग फोनवर नुसता खोकायचा. मग त्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला, तिला किर्गिझ येत नव्हतं. आपली माणसं ज्या गाड्यांनी तिकडे जात होती त्याच गाड्यांनी आता तिकडची माणसं इकडे येत होती. त्यात कुणाचा राग करावा हे बुरुलला ठरवता येत नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला सारखं वाटत होतं. रागाला निदान धरायला काही असतं. पोटात नुसतीच एक दोरी ताणलेली होती आणि तिच्या टोकाला काय आहे ते दिसत नव्हतं.

डेपोत जुमागुल कॅबिनच्या पायरीवर बसून उकडलेलं अंडं सोलत होती. ती बुरुलपेक्षा थोरली, गाडीला शिव्या देत चालवणारी, दोन नवऱ्यांना पोचवून आलेली.

“दुपारच्या माझ्या फेऱ्या तू घे,” बुरुल म्हणाली. “मी तुझ्या संध्याकाळच्या करते.”

“संध्याकाळी कुणी आपणहून मागतं का? काय झालं?”

बुरुलनं सांगितलं. जुमागुलनं अंडं मिठात बुडवलं आणि अख्खं तोंडात टाकलं.

“करवाल्यांकडे जाते म्हणून सांग तिला,” ती भरल्या तोंडानं म्हणाली. “तीन वर्षं रोख घेतेय तुझ्याकडून. कुठं नोंद आहे? नाही ना? मग. बघ कशी गप्प होते.”

“तसं नाही गं म्हणता येत. सेझिमला कांजिण्या आल्या तेव्हा तीच येऊन बसली होती. मला सुट्टी मिळेना.”

“बसली असेल. त्या महिन्याचं भाडं सोडलं का?”

बुरुलनं हातमोजे खिशात कोंबले.

“नाही ना सोडलं. तू पण नको सोडूस.” जुमागुलनं हातावरची टरफलं झटकली. “एक वाक्य आहे, बुरुल. एकच. पाठ कर आणि म्हण. रडायला लागलीस तर मात्र मेलीस.”

ते वाक्य तिनं पाठ केलं नाही. पण घरी जाताना ते तोंडात होतं, बीसारखं, ना चावता येतं ना थुंकता येतं. त्याच्याऐवजी तिनं दुसरं ठरवलं. एजेला आत आणायचं. कसंही करून उंबऱ्याच्या आत आणायचं, बसवायचं, खायला घालायचं. बाजाराच्या कोपऱ्यावर भट्टीपाशी ती थांबली आणि विजेसाठी वेगळे ठेवलेले पैसे मोडून तिनं दोन गरम नान घेतले, वर तीळ लावलेले. भट्टीवाल्यानं ते कागदात गुंडाळले. कोटाच्या आत छातीशी धरल्यावर त्यांची ऊब सदऱ्यातून आत आली आणि तिला एकदम लाज वाटली. नान कुणी असा नेत नाही. नान घरी नेतात कारण घरी माणसं असतात. ती तो नेत होती जसं कुणी सापळ्यात लावायला काही नेतं. मग वाटलं, आईनं सांगितलेलं खरं असेल तर ते केव्हातरी कामाला यायला नको का? नाहीतर सांगितलं कशाला?

सेझिम शाळेतून आली होती. बुरुलनं फरशी पुसली, गाद्यांची चळत नीट रचली, आणि मग थांबली. आवरलेलं घर दुसऱ्याला आवडेल. ते आवडलं तर आपण जाणार. तिनं चळत तशीच ठेवली, पण खुर्चीवर सेझिमचे ओले मोजे वाळत होते ते काढले नाहीत. नळ तिनं आवळून बंद केला आणि थोडा वेळ ऐकलं. त्यानं आपला विचार केला, मग थेंब सोडला. आज तो दुरुस्त नाही याचं तिला बरं वाटलं.

“कोण येणारे?” सेझिमनं विचारलं.

“राइकान एजे. आणि एक पाहुणा.”

“मग मी नान देऊ?”

“दे,” बुरुल म्हणाली. आठ वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं बघून घेतलं होतं. बुरुलनं तिच्याकडे पाहिलं नाही.

दार वाजलं तेव्हा चहा उकळत होता. बाहेर एजे होती आणि तिच्यामागे एक उंच, किडकिडीत पोरगा, पाठीवर पिशवी, हनुवटीवर पुरती न आलेली दाढी. “हा ग्लेब,” एजे म्हणाली. पोरानं रशियनमधून नमस्कार केला, विचारल्याशिवाय बूट काढले आणि आत आला. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, तो त्यानं दुसऱ्या पायाखाली लपवला. एजे चौथऱ्यावरच उभी राहिली.

“तू दाखव त्याला,” ती म्हणाली. “मी इथंच बरी. गुडघा धरलाय, बूट काढायचे, पुन्हा घालायचे, कुणी सांगितलंय.”

“बूट मी काढते, एजे.”

“अगं नको.”

पण बुरुल खाली बसली होती. तिनं एजेचा घोटा धरला आणि नाडी सोडायला घेतली. नवी सून सासूचे बूट काढते तसं. तालायच्या आईचेसुद्धा तिनं कधी काढले नव्हते. नाडीला जुनी गाठ होती, नखानं सोडवावी लागली. मोजा लोकरीचा होता, टाचेवर दुसऱ्या रंगाच्या धाग्यानं रफू केलेला, आणि पाय सुजलेला, गरम. एजेनं तोल जाऊ नये म्हणून बुरुलच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता. वरून तो आशीर्वादासारखा दिसला असता, पण ते नुसतं वजन होतं, आणि बुरुल दोन्ही बूट निघेपर्यंत त्या वजनाखाली हलली नाही. मग एजेचं पाऊल आत पडलं. एक, मग दुसरं. बुरुलनं ते पाहिलं, आणि पोटातली दोरी जराशी सैल झाली.

सेझिमनं दोन्ही हातांवर नान धरून आणला. ग्लेबनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग नानाकडे. काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. “मोड,” सेझिम रशियनमध्ये म्हणाली, मोठ्या माणसासारखी. “आणि खा. नाहीतर जाता येत नाही.” तो हसला, तुकडा मोडला, खाल्ला, आणि मग आणखी एक मोडला, आपल्याला दुसरा घ्यायची परवानगी आहे की नाही ते न बघता. एजे टेबलाशी बसली. तिनंही मोडला. बुरुल चहा ओतत होती आणि एजेच्या बोटांकडे बघत होती. पहिला तुकडा लहान होता, चालीरीतीपुरता. दुसरा मोठा. तिसरा तिनं लोण्यावरून फिरवला, अगदी हळू, आणि डोळे किंचित मिटून चावला. बुरुलला वाटलं, झालं. तिचं मन वळतंय. जे बोलायला आली ते आता बोलवणार नाही तिच्यानं.

“नळ गळतो का?” ग्लेबनं विचारलं.

“गळतो,” बुरुल म्हणाली.

“मला येतो दुरुस्त करता,” तो म्हणाला आणि आणखी चहा मागितला.

एजेनं तोंड पुसलं. दोन्ही तळवे उघडले. सेझिमनं आपले उघडले, बुरुलनं उघडले, ग्लेबनं सगळ्यांकडे बघून उघडले. “या घरात आजार नको, भांडण नको,” एजे म्हणाली. “या पोरीला लांबचा रस्ता मिळो आणि रस्त्यावर उजेड मिळो. हिच्या आईचे हातपाय चालते राहोत. ओमीन.” सगळ्यांनी तळवे तोंडावरून खाली नेले. मग एजेनं हात मांडीवर ठेवले आणि त्याच आवाजात, किर्गिझमध्ये, म्हणाली, “रविवारपर्यंत खाली कर, बुरुल.”

बुरुलला आधी शब्द कळले नाहीत, फक्त आवाज कळला. तो बदलला नव्हता. आशीर्वाद ज्या घशातून आला त्याच घशातून हे आलं होतं, आणि दोन्ही खरंच होतं.

“कुठं जाऊ, एजे?”

“लोक जातात कुठंतरी. वस्तीत मिळतात खोल्या.”

“तिथं डेपोची गाडी येत नाही. आणि शाळा…”

“माहीत आहे गं मला सगळं. मला कशाला सांगतेस?” एजेनं टेबलावरचे तीळ बोटानं गोळा केले. “लेक आलाय परत, मेदेर. बायको-पोरांसकट. तिकडचा पासपोर्ट काढला होता ना मोठ्या हौसेनं, आता त्यावर लढाईचं बोलावणं आलं असतं. रातोरात निघाला. हातात काही नाही. माझ्या पेन्शनीत सगळी तोंडं. हा दुप्पट देतोय, आगाऊ देतोय. तू देशील?”

“नाही.”

“मग?”

खिडकीबाहेर पॉपलरची पानं पडत होती. सेझिम ग्लेबच्या पिशवीला लटकणाऱ्या लहानशा कापडी अस्वलाकडे बघत होती. बुरुलच्या तोंडात ती बी होती. तिला वाटलं होतं, ते वाक्य म्हणायला खूप जोर लागेल, आवाज चढेल. तसं झालं नाही. ते फार सोपं होतं.

“मग मला करवाल्यांकडे जावं लागेल, एजे,” ती म्हणाली. “तीन वर्षांचं.”

एजेचं बोट तिळांवर थांबलं. नळानं थेंब सोडला. ग्लेबनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं आणि रशियनमधून विचारलं, “सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे,” दोघी एकदम म्हणाल्या, रशियनमध्येच.

“नान पुढ्यात असताना बोलतेस हे,” एजे म्हणाली.

“हो.”

“कुणी शिकवलं?”

“कुणी नाही.”

एजे टेबलाचा आधार घेऊन उठली. बूट घालायला बुरुल पुढे झाली नाही, तिची हिंमत झाली नाही. एजे चौथऱ्यावर गेली, पायरीवर बसली आणि एकेक नाडी बांधत राहिली. वाकताना तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती उठली, दाराकडे वळली आणि तिचे दोन्ही हात छातीपर्यंत वर आले. हातांची पाठ बुरुलकडे नव्हती, तळवेही नव्हते, मधलंच काहीतरी होतं. उलट्या हातांनी घराला शाप देणारी माणसं बुरुलनं लहानपणी गावात एकदाच पाहिली होती. त्या घरातल्या माणसांनी महिनाभर चूल पेटवली नव्हती. तिनं सेझिमला आपल्या मागे ओढलं. एजेनं एक हात दुसऱ्यापाशी नेला आणि बोटं एकेक करून आत घातली. ती हातमोजे घालत होती.

“नवरोज होईपर्यंत,” ती म्हणाली. “आहे त्याच भाड्यात. पुढं एक दिवससुद्धा नाही. आणि भाडं पोरीच्या हाती पाठव. तुझं तोंड नको मला.”

ती जिना उतरायला लागली. ग्लेब एका पायात बूट घालून उभा होता.

“म्हणजे मला केव्हा येता येईल?” त्यानं बुरुलला विचारलं.

“येता येणार नाही,” बुरुल म्हणाली. “माफ कर.”

त्यानं मान डोलावली. हे उत्तर त्याला नवीन नव्हतं असं दिसलं. “चहा छान होता,” तो म्हणाला, आणि सेझिमकडे बघून, “नान पण.”

संध्याकाळच्या पाळीवर बुरुलनं गाडी डेपोबाहेर काढली तेव्हा दिवे लागत होते. सेझिमला जेवू घालून, कुलूप लावून, भिंतीपलीकडच्या बाईला सांगून ती निघाली होती. नवरोजपर्यंत, वसंतातल्या नव्या वर्षापर्यंत. मनातल्या मनात ती तेवढंच म्हणत होती आणि त्यात आनंद शोधत होती, जसं जिभेनं दातात अडकलेलं काही शोधतात. हिवाळा निघेल. शाळेचं बरंचसं वर्ष निघेल. खोली गरम राहील, पोरगी गजर ऐकून उठेल, रस्ता ओलांडणार नाही. हे सगळं तिनं मिळवलं होतं. एका वाक्यात मिळालं. मग आधीची तीन वर्षं ती त्या नळाबद्दल, खिडकीच्या फटीबद्दल काही न बोलता, मान खाली घालून का राहिली होती? इतकं सोपं होतं तर एजेलाही ते इतकंच सोपं गेलं असेल का, रविवारपर्यंत खाली कर म्हणणं? तिनं ते टेबल पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. एजेनं तीनदा नान मोडला होता. चालीरीतीला एकदा पुरतं. मग तीनदा का? मन वळत होतं म्हणून? की उद्या वाईट करायचं आहे म्हणून आज जास्त आपुलकी? या दोन्हींपैकी कुठलं खरं यावर आता काहीच अवलंबून नव्हतं, तरी तिला ते कळायला हवं होतं. गाडी भरत होती, दारं उघडत होती, मिटत होती. काचांवर लोकांच्या श्वासाची वाफ साचली होती आणि बाहेरचे दिवे त्यात पसरट दिसत होते.

बाजाराच्या थांब्यावर एजे पुढच्याच दारानं चढली. पिशवीत बटाटे होते, तळाशी ओघळलेली पिशवी. चढल्यावर तिनं चालकाकडे पाहिलं, बुरुलला ओळखलं, आणि एक क्षण उतरते की काय असं वाटलं. मागून लोकांनी ढकललं. एजे आत गेली. कुणीतरी उठून जागा दिली. आरशात बुरुलला ती दिसत राहिली, रुमालाची कड, गाल, खिडकीकडे वळवलेली मान. बुरुलनं गाडी अशी चालवली की जणू मागे काचसामान आहे. प्रत्येक वळणावर जोर आधीच काढला, प्रत्येक थांब्यावर लांबून ब्रेक धरला. आरशात बघायचं नाही असं ठरवून ती आरशात बघत होती.

आपला थांबा यायच्या आधी एजे उठली आणि मधल्या दाराकडे न जाता पुढे आली. खांबाला धरून ती कॅबिनच्या दारापाशी उभी राहिली.

“सकाळची होती ना तुझी पाळी?”

“बदलून घेतली.”

“मी फोन केल्यावर?”

“हो.”

“म्हणजे ते करवाल्यांचं आधीच ठरलेलं होतं.”

बुरुलनं समोर बघत ब्रेक धरला. थांबा दिसायला लागला होता.

“आणि नान?” एजेनं विचारलं. “तो पण?”

खोटं बोलता आलं असतं. गाडीचा आवाज होता, लोक होते, ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

“तो पण, एजे,” बुरुल म्हणाली.

गाडी थांबली. दार उघडलं आणि बाहेरचा कोळशाचा वास आत आला. एजे पहिल्या पायरीवर उतरली, तिथं थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“सकाळपासून पोटात काही नव्हतं माझ्या,” ती बुरुलकडे न बघता म्हणाली. “घरी आधी पोरांना वाढावं लागतं आता. भूक लागली होती, म्हणून खाल्ला. तू कशासाठी पुढं केलास ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.”

ती उतरली. आधी दुखरा पाय, मग दुसरा. दुसऱ्या पायानं रस्ता धरेपर्यंत बुरुल बघत राहिली. मग एजे फुटपाथवर चढली, दिव्याखालून गेली, पुढच्या अंधारात रुमाल दिसेनासा झाला. दाराच्या बटणावर बुरुलचं बोट होतं.

“अहो बाई, दार लावा,” मागून कुणीतरी म्हणालं. “सगळी थंडी आत येतेय.”

बुरुलनं दार लावलं.